मोटरसायकल नव्हती, घोडा होता

प्रिय आयझिरेक,

फोनच केला असता, पण फोनवर तू मध्येमध्ये तोंड घालतेस, आणि रेंज हवी तर टेकडी चढा. माझे गुडघे आता टेकडीचे राहिलेले नाहीत. म्हणून लिहिते. चौथीनंतर कोल्होजच्या, त्या सरकारी सामूहिक शेतीच्या, मेंढ्यांनी मला शाळेतून उचललं ते उचललंच, तेव्हा अक्षराला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. पुढे हसण्यासारखं फार नाही. मिनीबसवाल्या बाकितकडे पत्र देते आहे. शुक्रवारी तो तुझ्या हातात ठेवील. शनिवारी तुझा बक्षीससमारंभ. त्याच्या आधी तू हे वाचायलाच हवंस.

तू आम्हा दोघींना बोलावलं आहेस, मला आणि तुझ्या आईला. पहिल्या रांगेत बसवणार, मग स्टेजवर जाणार, आईला वर बोलावणार आणि ती पितळी बाहुली तिच्या हातात देणार. भाषणही पाठ झालंय म्हणालीस: "हे बक्षीस माझ्या आईला, जिला परत न्यायला तिचा बाप आला नाही." छान आहे. हॉल रडेल. आई येणार की नाही ते शेवटी सांगते. घाई करू नकोस. तुझा सिनेमा मी दोन तास लाकडी खुर्चीत बसून सोसला, तू माझी चार पानं सोस.

गावच्या क्लबवाल्या जिपारनं स्पर्धेतले पाचही सिनेमे आठवडाभर लावले होते. गाय आटलेली, बाहेर गुडघाभर बर्फ, मग मी जाऊन बसायची. पहिला तो मेंढपाळाचा, ज्याला परदेशात बक्षीस मिळालं म्हणतात. एक माणूस दगडावर बसून डोंगराकडे बघतो. आपण त्याच्याकडे बघतो. बराच वेळ तेच चालतं. मेंढ्या कुठे गेल्या हे ना त्याला पडलंय, ना सिनेमावाल्यांना. माझ्या वेळी असा कुणी बसला असता तर कोल्होजच्या मुकादमानं, ब्रिगेडियरनं, चाबकानं उठवला असता. बाजूला आपली शेजारीण सोनुनबू घोरत होती. मी तिला ढोसलं, म्हटलं, "ऊठ गं, परदेशातलं बक्षीस आहे." ती म्हणाली, "मेंढ्या आल्या की उठव."

दुसरा मॉस्कोला गेलेल्या मुलाची वाट बघणाऱ्या आईचा. ती बाई खिडकीतून बघते आणि रडते. मग दुसऱ्या खिडकीतून बघते आणि रडते. घराला खिडक्या किती आहेत ते मोजत मी बसले. माझाही मुलगा, म्हणजे तुझा बाप, आठ वर्षं तिकडेच आहे, नव्या वर्षाला एक फोन करतो. मी कधी खिडकीत उभी राहिले का? शेण कोण काढणार? तिसरा लग्नातल्या गोंधळाचा, त्यात नवरदेवाचा काका टाकीत पडतो. त्याला मी पोट धरून हसले. त्याला काही मिळणार नाही, कारण बक्षीस देणारे ते तीन चष्मेवाले हसले तर त्यांची नोकरी जाईल. गेल्या वर्षी टीव्हीवर बघितला तो सोहळा. नोव्हेंबरात उघड्या खांद्यांनी बायका, आणि प्रत्येक जण आईचे आभार मानतो. जिवंतपणी एक पियाली चहा नेऊन दिली नसेल. चौथ्या सिनेमात मांजर होतं. मी उठून आले.

आणि पाचवा तुझा. त्या दिवशी क्लबात उभं राहायला जागा नव्हती. एका पोरीला चार जण गाडीत कोंबून पळवून आणतात, बायका तिच्या डोक्यावर लग्नाच्या होकाराचा पांढरा रुमाल बांधायला बघतात, ती तो फेकते, दाराकडे धावते, आणि उंबऱ्यावर म्हातारी सासू आडवी पडते. म्हातारीला ओलांडणं म्हणजे जन्माचा शाप, म्हणून पोरगी थांबते. नावं बदललीस म्हणून कुणी ओळखलं नाही असं समजू नकोस. अख्ख्या क्लबनं आधी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग तुझ्या आईकडे. तुझी आई सायरा माझ्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसली होती. गाय दोहायला बसते तशी.

आता खोटं काय काय आहे ते ऐक. माझं काम केलेली ती बाई फार गुबगुबीत. चौऱ्याण्णव साली आपल्या गावात गुबगुबीत कुत्रंसुद्धा नव्हतं. आणि ती उंबऱ्यावर पडल्यापडल्या रडते. मी रडले नव्हते. पाठीला गार लागत होतं, आणि पोरगी उडी मारते की नाही एवढंच मी बघत होते. तिनं पाय उचलला होता. पायात घरातली सपात होती. पाणी आणायला निघालेली असताना पोरांनी उचलली होती तिला. ती सपात माझ्या नाकाच्या वर होती. मी म्हटलं, "ओलांड. ओलांड की. तुझ्या पोटी दगड निपजतील." तुझ्या सिनेमात ती म्हातारीच्या डोळ्यातलं पाणी बघून विरघळते. पाणी कुठलं? ती दगडांना घाबरली. एकोणीस वर्षांची होती, आई वारलेली, असल्या गोष्टी समजावून सांगणारं कुणी नव्हतं. वर्षभरात तू झालीस. दगड नव्हतीस, पण माझं ऐकायची नाहीस, त्यावरून मला अधूनमधून शंका यायची.

सिनेमा संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर पडताना मात्र सगळे तिच्या बापालाच शिव्या घालत होते. पळवणाऱ्यांना नाही, आडव्या पडलेलीला नाही, घरी बसून राहिलेल्या बापाला. "स्वतःच्या पोरीचे बूट दुसऱ्याच्या हाती पाठवून दिले हलकटानं, म्हणजे राहा तिथेच!" असं क्लबच्या पायरीवर कुणीतरी म्हणालं, आणि तुझ्या आईनं मान खाली घातली. बुटांचा तो प्रसंग तू तिच्याकडूनच ऐकलास. ती पडद्याआड नवरी म्हणून बसलेली, आणि तिसऱ्या दिवशी तिचे बूट तिच्यापुढे ठेवले गेले. ते मीच ठेवले होते आणि म्हटलं होतं, "घे, तुझ्या बापानं पाठवलेत. आता वाट बघू नकोस." त्या दिवशी तिनं रुमाल स्वतःच्या हातानं बांधला.

घरी आलो तर सोनुनबू मागोमाग. तिला फुकटचा चहा आणि माझी फजिती दोन्ही हवं होतं. सायरा चहा ओतत होती, आपल्या रीतीप्रमाणे अर्धी अर्धी पियाली. सोनुनबू म्हणाली, "काय सुंदर काढलाय गं आयझिरेकनं! ते बूट मोटरसायकलवरून येतात तिथे तर मी रडलेच." माझी जीभ तुला माहीत आहे. चूक दिसली की ती गप्प बसत नाही. मी म्हटलं, "डोंबल तुझं सुंदर. चौऱ्याण्णव साली पेट्रोल कुणाकडे होतं? मोटरसायकल नव्हती, घोडा होता. म्हातारा स्वतः आला होता, बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून खोगिराला अडकवून."

बोलून गेले आणि मग माझं मलाच ऐकू आलं. सोनुनबू तळलेला बोरसोक तोंडात धरून बसली. सायरानं किटली खाली ठेवली नाही. तिनं एवढंच विचारलं, "कुठला घोडा?" मी अजूनही खोटं बोलू शकले असते. एकोणतीस वर्षं बोललेच होते. पण घोड्याच्या बाबतीत मला खोटं बोलता येत नाही. म्हटलं, "तांबडा. मागचा एक पाय पांढरा." तिनं माझी पियाली पुढे ओढली आणि भरायला लागली. अर्ध्याच्या वर, कडेपर्यंत, काठोकाठ. आपल्यात पियाली काठोकाठ भरून कुणाला देतात? ज्यानं आता उठून चालतं व्हावं, त्याला. माझ्याच घरात, माझ्या सुनेनं मला. सोनुनबू उठली आणि जोडे हातात घेऊन पळाली.

मग सगळं सांगितलं. तुलाही सांगते. कारिपबाय, तुझ्या आईचा बाप, तिसऱ्या दिवशी पहाटेच आला. खिंडीत बर्फ होतं, घोडा घामानं पांढरा झाला होता. एकटा होता. भांडायला माणसं आणली नव्हती, पोरीचे बूट आणले होते. तिला घेऊन जायला आला होता, आयझिरेक. मी फाटकाशी जाऊन लगाम धरला. आत तुझा बाप झोपला होता आणि पडद्याआड ती. मी म्हटलं, "मुलीनं रुमाल बांधलाय, स्वतःच्या हातानं. म्हणते, बापाचं तोंड बघायचं नाही." तेव्हा तिनं रुमाल बांधलेला नव्हता. त्यानं विचारलं, "एकदा बोलू दे." मी म्हटलं, "आत येऊन तिची लाज काढणार असाल तर या. मग तीन रात्री परक्या घरी राहिलेली पोर कुणाच्या गळ्यात बांधाल?" त्यानं खोगिराकडे हात नेला. मग बूट सोडले, माझ्या हातात दिले आणि म्हणाला, "पाय गारठतात तिचे." आणि वळला. पहिल्या सिनेमातला तो मेंढपाळ डोंगराकडे बघतो ना, तसा मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले. फक्त मला बक्षीस नको होतं, सून हवी होती. घरात बाई मी एकटी, मुलगा दारूला लागलेला, गाय दोहायला कोण? एवढंच होतं ते. यात शोधण्यासारखं खोल काही नाही.

पुढचं थोडंफार तुला माहीत आहेच. तो तुझ्या जन्माला पाळणा घेऊन आला, ती गोठ्यातून बाहेर आली नाही. त्याला वाटलं, पोरीला आपलं तोंड बघायचं नाही. तिला वाटलं, बापानं टाकलं. दोघंही मान न वाकवणारे. मला काही करावंच लागलं नाही. मग बारा वर्षांपूर्वी तो मेला. मयताच्या तंबूत मुलींनी भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं विलाप गायचा असतो. तुझ्या मावश्या गात होत्या आणि सायरा कोरडी बसली. तीन दिवस एक ओळ गायली नाही. तू तेव्हा सोळा वर्षांची, तिच्या शेजारी बसली होतीस, आणि तेच तुझ्या सिनेमाचा शेवट झालं. चष्मेवाले म्हणाले ना, की ते मौन म्हणजे स्त्रीचा मोठा सूड आहे, म्हणून? पेपरात वाचलं मी. मोठा सूड! ते मौन माझ्या एका खोट्याचं होतं. त्यावर शनिवारी तुला बाहुली मिळणार आहे.

आईनं सगळं ऐकलं. रडली नाही, आरडली नाही. पियाल्या विसळल्या. सकाळी पेटीच्या तळातून तेच बूट काढले. ती ते कधीच वापरत नव्हती. कातडं तडकलेलं, तरी घातले. मी काय केलं असेल सांग. पंच्याहत्तर वर्षांची मी, उंबऱ्यावर आडवी पडले. मला दुसरं काही येत नाही. या वेळी दगडांबद्दल बोलायला तोंड नव्हतं, तिचं पोटही आता पोरांचं राहिलेलं नाही. तुझी ती गुबगुबीत बाई असती तर आत्ता रडली असती आणि सून विरघळली असती. सायरानं घागरा जरासा उचलला, मला ओलांडलं, आणि घाई न करता पलीकडे पाय ठेवला. तडकलेल्या टाचेतलं थोडं कातडं माझ्या गालावर पडलं. अंगणातून ती वळली आणि म्हणाली, "आयझिरेकला तू लिही. तुझ्या हातानं. काही गाळू नकोस. शनिवारच्या आत पोचलं पाहिजे." एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा मला 'तू' म्हणाली.

म्हणून लिहिलं. माफी मागायला नाही, ती कुणाकडे मागायची ते माणूस जमिनीखाली आहे. तुझ्या आईनं सांगितलं म्हणून लिहिलं, गाळलं काही नाही. ती शनिवारी येणार नाही. ती खिंडीपलीकडे बापाच्या थडग्यापाशी आहे. बाकितनं मिनीबसमधून बघितलं, म्हणतो, थडग्याच्या भिंतीकडे तोंड करून बसली आहे आणि मोठमोठ्यानं विलाप गाते आहे, दोन दिवस, आवाज बसला तरी. बारा वर्षांचं एकदम. पोरं फोनवर चित्रं काढत उभी होती, त्यानं त्यांना हाकललं. तू गेलीस तर कॅमेरा घेऊन जाऊ नकोस. भाषणाचं काय करायचं ते तू बघ, शिकलेली आहेस. बाकित म्हणाला, त्या विलापात बापाचं नाव आहे, पांढऱ्या पायाचा घोडा आहे, आणि माझंही नाव आहे. माझ्याबद्दल काय गाते, ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

तुझीच, तुझ्या सिनेमात जी रडते ती नव्हे, खरी,
उल्कान आजी