ऐंशी लाख पौंड आणि जिन्याची पाटी

३ ऑक्टोबर, सकाळी नऊ

संकल्प. रोज अर्धा तास आवाजाचा रियाज. संध्याकाळी सातच्या आत व्हिस्की नाही. जिन्यात भेटणाऱ्यांशी कमी बोलायचं, नटाने जरा गूढ राहावं.

त्याच दिवशी, अकरा

तिसरा संकल्प मोडला. चूक माझी नाही. पहिल्या मजल्यावरच्या फरहाना मलिकने गाठलं. दातांची डॉक्टर, जन्मापासून ग्लासगोची, जीभ तिच्या अवजारांहून धारदार. म्हणाली, "काय हो लॅकलन, ऐंशी लाख पौंडांचे मालक तुम्ही, आणि माझ्याकडून दाढ फुकट भरून घेता?" मोबाइलवर एक पान दाखवलं. नटांची कमाई सांगणारी कुठलीशी वेबसाइट. 'लॅकलन टॉरन्स, ज्येष्ठ स्कॉटिश अभिनेते, रंगभूमी व पडदा. उंची सहा फूट दोन इंच. एकूण संपत्ती ऐंशी लाख पौंड.'

नाही म्हणायला हवं होतं. पण उंचीही पाच इंचांनी चुकली होती, आणि एवढ्या दुरुस्त्या जिन्यात उभ्याउभ्या कशा करणार? नुसता हसलो. अकरा वर्षं मालिकेत पोलिसांचा डॉक्टर केला, त्यातलं हे हसू: मला सगळं ठाऊक आहे, पण सांगणार नाही. अजून छान जमतं.

दुपारी दोन

शांतपणे विचार केला. बँकेत सहा हजार दोनशे. पण १९८९चा तो अमेरिकन सिनेमा मी नाकारला होता. (त्यांनी मला नाकारलं, पण मनातून मी आधी नाकारलं होतं.) शिवाय त्या मालिकेच्या लेखकांनी माझ्या डॉक्टरला दलदलीत बुडवलं नसतं तर आणखी सोळा वर्षं चाललो असतो. सगळं धरलं तर शहात्तर लाख होतात. पान फारसं चुकलेलं नाही.

९ ऑक्टोबर

इमारतीची बैठक, फरहानाच्या स्वयंपाकघरात. चहा, शॉर्टब्रेडची जाड बिस्किटं. विषय छप्पर. खर्च अठ्ठेचाळीस हजार, घरं आठ, प्रत्येकी सहा हजार. आठही वाटे जमा झाल्याशिवाय कंत्राटदार शिडीसुद्धा आणणार नाही, आणि थंडीच्या आत काम झालं पाहिजे, असं फरहानाने दोनदा बजावलं. मग विचारलं, सगळ्यांना जमेल ना?

सगळे हो म्हणाले. फक्त मिसेस रँकिन गप्प. एफी रँकिन माझ्या समोरच्या दारात राहते. तिसरा मजला, म्हणजे छप्पर गळतं ते आमच्या दोघांच्या डोक्यावर. वय एक्क्याऐंशी, नवरा जाऊन वीस वर्षं झाली. तरुणपणी थिएटरात खुर्च्या दाखवायची, मध्यंतरात आइस्क्रीम विकायची. मला 'पोरा' म्हणते. मी त्र्याहत्तरचा आहे.

ती खाली कपात बघत होती. मग एकेक जण माझ्याकडे बघू लागला. आता अशी शांतता पसरली की नटाला बसून राहवत नाही. मी उठलो. खुर्चीच्या पाठीवर एक हात ठेवला. म्हणालो, मिसेस रँकिनचा वाटा माझ्याकडे लागला. टाळ्या! दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांनी डोळे पुसले. एकही शब्द न वाढवता निघून आलो. गेल्या दहा वर्षांतलं माझं सर्वांत चांगलं निर्गमन.

छत्री तिथेच राहिली. उद्या आणेन.

१२ ऑक्टोबर

आज माझा स्वतःचा वाटा भरता आला असता. तेवढे आहेत. पण एक भरला तर दुसरा कुठे, असं विचारतील. अर्धवट उदारपणा वाईट दिसतो. दोन्ही एकदमच भरायचे. शोनाला, म्हणजे माझ्या एजंटला, फोन केला. काम शोध म्हटलं. ती म्हणाली, "तुम्हाला कशाला हवंय काम, मी वाचलं ना ते पान!" लबाड कुठली. बावीस वर्षं माझ्या कमाईतला दहावा हिस्सा हिच्याच हातून गेला, आणि हिनेही विश्वास ठेवला. म्हणजे पान किती पटण्यासारखं असेल!

१४ ऑक्टोबर

दाराच्या मुठीला पाटी लटकलेली: 'या आठवड्यात जिना धुण्याची पाळी तुमची.' मजल्यावर मी आणि मिसेस रँकिन दोघंच, एक आठवडा तिचा, एक माझा. माझी पद्धत ठरलेली आहे. दोन दिवस पाटी राहू द्यायची आणि मग हळूच मिसेस रँकिनच्या दाराला अडकवायची. एकोणीस वर्षांत कोणाच्या लक्षात आलेलं नाही. जिना कायम स्वच्छ असतो. जुना दगड आहे, मळत नाही.

२० ऑक्टोबर

मी म्हणत होतो की नाही! शोनाचा फोन. मालिका परत येतेय. नवी कंपनी, नवे पैसे, आणि पहिल्याच भागात माझा डॉक्टर हवाय! बाकी तपशील नंतर. सोळा वर्षं मी ओरडून सांगतोय, की त्या दलदलीत त्याचं प्रेत सापडलेलं कोणी दाखवलंच नाही. सहा भागांचे निदान साठ हजार. बारा हजार छपराला, वर मिसेस रँकिनला नवा गॅस हीटरसुद्धा घेऊन देईन.

कोट घेतला, सातशे ऐंशी. नवे फोटो काढले, तीनशे. हा खर्च नाही, धंद्यात घातलेला पैसा आहे.

२८ ऑक्टोबर

फरहाना पुन्हा जिन्यात. आठांपैकी सहाच वाटे आलेत, दोन राहिलेत आणि दोन्ही तुमचे, म्हणाली. मी सांगितलं, पैसा एडिंबरात अडकलाय, सह्या व्हायच्यात. ती म्हणाली, एडिंबरा रेल्वेने पन्नास मिनिटांवर आहे. मी वर चढू लागलो.

मिसेस रँकिन दारातून ऐकत होती. म्हणाली, "राहू दे गं, त्याला त्याच्या सवडीने करू दे. आणि पोरा, तुझ्याशी जरा बोलायचं होतं." मी म्हटलं, आभार अजिबात मानायचे नाहीत, आणि दार लावून घेतलं. मोठेपणाही संकोचाने करावा लागतो.

रात्री झोपायच्या खोलीत ठिबकतं. बादली ठेवलीय. ठेका बरा आहे, रियाजाला उपयोगी.

६ नोव्हेंबर

शोनाकडून तपशील आले.

डॉक्टरचं प्रेत दलदलीत सापडतं. पहिल्या भागात, चौथ्या मिनिटाला. सोळा वर्षं चिखलात टिकलेलं. काम एका दिवसाचं असेल असं मला वाटलं. तेही नाही, पुतळा करणार आहेत. माझ्याकडून फक्त चेहऱ्याची परवानगी हवीय. अडीचशे पौंड.

मी म्हटलं, मी स्वतः झोपतो ना चिखलात, चाळीस सेकंद श्वास रोखता येतो मला. शोना म्हणाली, "लॅकलन, त्यांनीही ते पान वाचलंय. एवढा श्रीमंत माणूस या वयात थंड चिखलात कशाला झोपेल, म्हणाले. त्यांनी तुमचा मान राखलाय हो." सही करून पाठवली. मान राखला हे खरंच.

व्हिस्की, दुपारी तीन. आज अपवाद.

११ नोव्हेंबर

खरं सांगून टाकायचं ठरवलं. फरहानाच्या दारापर्यंत गेलो. घंटा वाजवली. ती म्हणाली, आलात का पैसे घेऊन? मी म्हटलं, छत्री न्यायला आलोय. आणि घाईत छत्री न घेताच वर आलो.

१७ नोव्हेंबर, सकाळी दहा

अक्षर वाईट येतंय.

दोन दिवस वादळ होतं. आज पावणेआठला समोरून आवाज आला, आमच्या थिएटरात एकदा दिवे टांगायचा लोखंडी दांडा कोसळला होता तसा. कोट अंगावर टाकून धावलो. मिसेस रँकिनच्या झोपायच्या खोलीचं छत खाली आलं होतं. ओला चुना, लाकडं, शंभर वर्षांची धूळ, सगळं पलंगावर. उशी दिसत नव्हती.

ती स्वयंपाकघरात होती. लघवीला उठली आणि उठलेच आहे तर चहा ठेवावा म्हणून तिकडे गेली, तेवढ्याने वाचली. हातात किटली. माझ्याकडे बघून म्हणाली, "पोरा, भिंतीला टेकू नकोस, कोट खराब होईल."

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. एखादं वाक्य सुचेल म्हणून उभा राहिलो. एरवी सुचतं.

१९ नोव्हेंबर

समुद्रकाठच्या लार्ग्सहून मिसेस रँकिनची भाची गाडी घेऊन आली. दोन बॅगा, नवऱ्याचा फोटो, किटली. मी बॅगा उचलायला गेलो, भाचीने उचलू दिल्या नाहीत. मिसेस रँकिन म्हणाली, थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे. वादळ असं होतं की नवं छप्परसुद्धा टिकलं नसतं. (हे मी म्हटलं. भाचीने गाडीचं दार लावलं.)

२ डिसेंबर

फरहाना वर आली. वर येते म्हणजे प्रकरण गंभीर. पायरीवर बसली आणि म्हणाली, आता मला नाटक नको. ऐंशी लाखांतले किती आहेत?

म्हटलं, पाच हजार तीनशे सत्तर.

वाटलं हसेल. हसली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "म्हणजे ऑक्टोबरात तुमचा स्वतःचा वाटा तुमच्याकडे होता."

होता, म्हटलं. पण मिसेस रँकिनचं काय? ती बिचारी कुठून देणार होती?

तिने पिशवीतून लिफाफा काढला. मिसेस रँकिनचा चेक, सहा हजारांचा. लार्ग्सहून आला होता. तारीख मात्र ९ ऑक्टोबरची. बैठकीला येतानाच लिहून आणला होता, पर्समध्ये होता. स्वतःच्या अंत्यविधीला म्हणून साठवलेले पैसे, पण आधी डोक्यावर छप्पर हवं, मरणाचं मग बघू, असं तिचं ठरलं होतं.

मग ती गप्प का बसली, मी विचारलं.

"तोंडात शॉर्टब्रेड होतं तिच्या," फरहाना म्हणाली. "नवी कवळी, मीच बसवलेली. सावकाश चावत होती. गिळून बोलेपर्यंत तुम्ही उठून उभे, आणि लोक टाळ्या वाजवताहेत. काल फोनवर मला म्हणाली, त्या पोराला टाळ्या मिळून किती वर्षं झाली होती गं, मी मध्येच कुठे चेक काढू? नंतर त्याला एकट्याला गाठून सांगणार होते, तर तो दार लावून घ्यायचा."

मी बैठकीत नुसता बसून राहिलो असतो, तर ऑक्टोबरात आठ वाटे पुरे झाले असते.

फरहाना उठली. माझ्या वाट्यात कमी पडतील ते ती घालेल, मी महिन्याला पन्नास द्यायचे. आणि दाढेचे वेगळे, म्हणाली. जाताना छत्री दाराला लावून गेली.

१६ डिसेंबर

माणसं वर चढली. ठोकाठोक. रियाज बंद, आवाजाला धूळ बाधते. बादली कोरडी.

लार्ग्सला फोन केला. बोलायचं लिहून काढलं होतं, पाठही केलं होतं. तिने उचलल्यावर पहिलंच वाक्य विसरलो. ती म्हणाली, "अरे तूच ना? बोल की, थांबते मी." मी माफी मागितली. चांगली नाही मागितली, मधेच अडखळलो. ती म्हणाली, जाऊ दे. मग म्हणाली की ती परत येणार नाही. तीन जिने आता गुडघ्यांना झेपत नाहीत, आणि इथे खिडकीतून समुद्र दिसतो. घर विकायला काढणार आहे. आणि जिन्याकडे बघ हं पोरा, म्हणाली.

हो म्हटलं. कुठे बघायचं ते कळलं नाही.

२९ डिसेंबर

छप्पर झालं. माणसं गेली. आज ते पान पुन्हा पाहिलं. आता नव्वद लाख लिहिलंय, नव्या मालिकेमुळे असणार. उंची तीच. फोन बंद करून ठेवला.

मागच्या आठवड्यात खालच्यांपैकी कोणीतरी पाटी माझ्या दाराला अडकवली होती. नेहमीप्रमाणे उचलून समोर अडकवली.

३१ डिसेंबर, दुपारी तीन

पाटी अजून समोरच्याच दाराला.

जिना पाहिला. नीट, दिवा लावून. कामगारांच्या बुटांचा चिखल, चुना, सिगारेटची थोटकं, माझ्या मजल्यापासून खाली वळणापर्यंत. त्याच्या खालचा जिना खालच्यांनी घासून ठेवलाय, नवं वर्ष घाणीत सुरू करायचं नसतं. मळलेला तेवढा आमचा. एकोणीस वर्षं तो दगड स्वतःहून स्वच्छ राहत नव्हता. माझ्या पाळीला पाटी समोर जायची आणि ती काही न बोलता गुडघ्यांवर बसायची.

पाटी आणून माझ्या दाराला लावली. नवा कोट काढून ठेवला. ठिबकण्याखालची बादली घेतली, गरम पाणी भरलं. बारापर्यंत वेळ आहे.

वरून सुरुवात करायची की खालून, ते माहीत नाही. समोरची घंटा वाजवून विचारायला गेलो, आणि वाजवलीसुद्धा.