दुधाची दाढ

२ जुलै, मंगळवार
शाळेत एक जुनी हजेरीवही फेकून देणार होते. मी घरी आणली. आजपासून रोज चार ओळी लिहायच्या. रोज म्हणजे रोज.
आज शाळेत दातांची डॉक्टरीण आली होती. वय माझ्या लेकीएवढं, कपाळावर दिवा. पहिली-दुसरीची साठ पोरं तपासली. मला रांग धरायला उभं केलं. बावीस वर्षं मी या शाळेत झाडू मारते आणि पोरांचे हलते दातही मीच काढते. दोरा बांधायचा, गप्पांत गुंतवायचं, हिसका द्यायचा. विषय संपला. आणि ही मला सांगते, मावशी, पोरांना ढकलाढकली करू देऊ नका.
एक्केचाळीस पोरांना चिठ्ठ्या दिल्या. त्यात माझी नातही. खालची उजवी मागची दाढ, कीड, भरून घ्या. दर मंगळवारी दवाखाना, फुकट. वर म्हणते, ही दुधाची नाही, ही मागून आपली आपण येते. सात वर्षांची पोर, अजून एक दाढ पडलेली नाही, तर नवी आली कुठून? कॉलेजात काय शिकवतात कोण जाणे.

४ जुलै
लेकीचा फोन. ती लांब कारखान्यात, पोर माझ्याकडे. नातीने लगेच चुगली केली, आई, दाढ दुखते. मी म्हटलं, दुधाची आहे, पडायलाच आलीय. हलली की मीच काढते, दुखणारसुद्धा नाही. लेक निवांत झाली.
लवंगेचं तेल लावलं. आजपासून गोड बंद.

९ जुलै, मंगळवार
दवाखाना राहिला. शाळेतली कपाटं पुसायची होती. हेडबाई म्हणाल्या, उद्या पुसा. पण कामं उद्यावर टाकणं माझ्या स्वभावात नाही.
गोड बंदच आहे. दात काढून घेणाऱ्या पोरांना मी एकेक गोळी देते, त्यातली एक नातीने घेतली. ती धरायची नाही.

१६ जुलै, मंगळवार
दोघी दवाखान्यात गेलो. पुढे चौदा जण. एवढ्याशा दाढेपायी अख्खा दिवस? परत आलो.
पोर आता डाव्या बाजूने चावते. तिचं तिनेच शोधून काढलं. डोकं माझ्यावर गेलंय.

२३ जुलै, मंगळवार
दुखणं थांबलं. आपोआप. ना सुई, ना मशीन. मी पहिल्या दिवसापासून हेच म्हणत होते.
चिठ्ठीची घडी करून खुर्चीच्या आखूड पायाखाली सरकवली. खुर्ची डुगडुगायची थांबली. डॉक्टरणीचा काहीतरी उपयोग झाला म्हणायचा.
हेडबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, दुखणं थांबलं तरी दाखवून या. या बाईंना कशात म्हणून समाधान नाही.

१ ऑगस्ट
मध्ये लिहायचं राहिलं. कामं असतात.
पोरीचा उजवा गाल सुजलाय. गार वारा लागला असेल. मीठ गरम करून शेकलं.
संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल. म्हटलं, डावा गाल पुढे कर ग, आईला कामावर उगाच घोर नको. तिने केला. लेक म्हणाली, चेहरा भरलाय हो हिचा. बघा, आजीकडे राहिल्याचा फायदा.

३ ऑगस्ट
ताप. म्हटलं, आता वाट बघण्यात अर्थ नाही. दोरा बांधला. गप्पा मारल्या. हिसका दिला. दोरा तुटला. दुहेरी करून बांधला. तोही तुटला. दाढ जागची हलली नाही. पोर ओरडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.
हल्ली दोरेच चांगले मिळत नाहीत.

६ ऑगस्ट, मंगळवार
दवाखाना. खुर्चीखालची चिठ्ठी काढून नेली. डॉक्टरणीने उलगडली. कागदावर खुर्चीच्या पायाचा गोल वण उठलाय, त्यावरून तिने अंगठा फिरवला. म्हणाली, मावशी, पाच आठवडे? मी म्हटलं, तुमच्याकडे रांग फार. तिने हातमोजे चढवले. बोलली असती तर बरं झालं असतं, मलाही चार शब्द सुनावता आले असते.
भरायची वेळ गेली म्हणे. आधी औषधाने सूज उतरवायची, पुढच्या मंगळवारी दाढ काढायची.

१३ ऑगस्ट, मंगळवार
काढली. कागदाच्या पुडीत बांधून दिली. मी विचारलं, आता नवी कधी येईल? म्हणाली, मावशी, हीच नवी होती.
घरी येऊन पुडी उघडली. दाढेला खाली दोन मुळं, शिंगांसारखी लांब. बावीस वर्षांत मी काढलेल्या एकाही दाताला मूळ नव्हतं. मला वाटायचं, दात असाच असतो.

२० ऑगस्ट
नात रोज सकाळी आरशापुढे आ करून उभी राहते. आजी, आली का? मी बोट घालून चाचपते. म्हणते, येतेय.
संध्याकाळी लेकीचा कॉल. मी पोरीला काही सांगितलं नव्हतं. पोरीने आपणहून डावा गाल पुढे केला. आईने विचारलं, दाढेचं काय झालं ग? म्हणाली, आजीने काढली. दुखलंसुद्धा नाही.
लेक म्हणाली, आई, तू आहेस म्हणून मला पोरीचा घोर नाही.