फळ्यावरचं अक्षर

गुरुवार, संध्याकाळच्या जेवणाआधी

तक्रारपेटीत चिठ्ठी टाकली तेव्हा खाली नाव लिहिलं नाही, म्हणून मी बिनधास्त होती. पण बालगृहाच्या फळ्यावर रोजचा सुविचार मीच लिहिते, हे कशी काय विसरली? माह्यं अक्षर इथं सगळ्यायले पाठ आहे.

चिठ्ठीतली तक्रार सोनीसाठी होती. नऊ वर्षांची, झरी जामणीकडची. रविवारी तिच्या मायचा फोन येते, तर बालगृहाची अधीक्षक मॅडम स्पीकर लावून बसते अन् म्हणते, "मराठीत बोल, मला समजलं पाहिजे." मायले कोलामीशिवाय काही येत नाही. मग दोघी नुसत्या एकमेकींचा श्वास ऐकत राह्यतात. घरच्यांशी आपल्या भाषेत, एकटीनं बोलायचा हक्क आहे, हे तपासणीले आलेल्या बाल कल्याण समितीच्या बाईनंच आम्हाले सांगितलं होतं. पेटी फक्त समितीच उघडते, असंही म्हणाली होती. पण आज पेटीची किल्ली मॅडमच्या जुडग्यात दिसली.

दुपारी मॅडम फळ्यासमोर उभी होती. किती वेळ. हातात घडी केलेला कागद. माह्याच असन का?

मग तिनं सोनीले बोलावलं. "हे कोणी लिहिलं?"

मी दारातच होती. "मी" एवढंच म्हणायचं होतं, ते तोंडातून निघालं नाही. सोनीनं अक्षर ओळखलं असन, पण खाली पाहत गप्प राह्यली, फोनवर राह्यते तशीच.

"नाव सांग, नाहीतर रविवारी फोन बंद."

आज गुरुवार. सोनी अजून गप्पच आहे. मी पण.