मागून म्हटलेलं अक्षर

कंबुरुपिटिय,
१६ जानेवारी २०११

चि. विमल यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. पत्रास कारणं दोन, एक गोड आणि एक कडू. आधी गोड.

अखेर निकाल लागला. तुझी अक्का सत्तेचाळिसाव्या वर्षी बालशिक्षणाची पदवीधर झाली! सहा वर्षं शनिवारची बस, मांडीवर पुस्तक आणि शेजारच्या बाईच्या पिशवीतली कोंबडी. गावाला त्याचं काडीचं कौतुक नाही. दुकानदार सोमदासने विचारलं म्हणे, पोरांना वाळूत खेळवायला पदवी कशाला लागते, वाळू बदलली की काय. मी आपली अजून ‘मॉन्टेसरी मिस’च. असो. तू शब्द दिला आहेस, अवुरुद्दाच्या, नव्या वर्षाच्या सणात तुझ्या सेनुकचं पहिलं अक्षरवाचन माझ्याच मांडीवर व्हायचं. पांढरी साडी आत्तापासूनच इस्त्री करून ठेवली आहे. हसू नकोस.

आता कडू. नाताळच्या सुट्टीत तुम्ही आलात तेव्हा माझ्या हातून पातेलं पडलं, आठवतं? अनुला किंचाळली, अंगणातलं कुत्रं पळालं. सेनुक तिथेच पाठ करून बसला होता, त्याने मानसुद्धा वळवली नाही. मग मी मुद्दाम पाहत राहिले. मागून हाक मारली तर तो वळतच नाही, समोर गेलं की लगेच हसतो. अडीच वर्षांच्या पोराला जेमतेम तीन शब्द येतात. विमल, त्याचे कान तपासून घे. माझं चुकलं तर मला पोटभर हस. पण खरं निघालं तर हीच वर्षं हातात आहेत. बोलणं याच वयात कानातून आत जातं, पुढे फार जड जातं. फोनवर हे बोलवेना, म्हणून आपल्या तात्तांनी लावलेल्या शिस्तीने पत्र लिहिते आहे.

लोभ आहे हे ठाऊक आहे, उत्तर तेवढं लवकर असावं.

तुझी अक्का,
ललानी


कुरुनेगल,
२ फेब्रुवारी २०११

ती. अक्कास विमलचा सा. न.

वि. वि. तू पास झालीस, फार आनंद झाला. बँकेत सगळ्यांना केक वाटला.

दुसऱ्या गोष्टीबद्दल मात्र राग मानू नकोस. तुझं पत्र अनुलाच्या हाती पडलं आणि ती दोन दिवस जेवली नाही. तिची आई म्हणते, आमच्या सात पिढ्यांत कोणी बहिरं नाही. ज्योतिषांना पत्रिका दाखवली. त्यांनी सांगितलं की शनीचा अपल आहे, काळ वाईट आहे, चौथं वर्ष उलटलं की पोर घडाघडा बोलेल. आम्ही बोधिपूजा सुरू केली आहे. शिवाय मीही उशिरा बोललो होतो, अम्माच सांगायची. तू शिकलीस, पण तू काही डॉक्टर नाहीस, अक्का. हा विषय कुणापाशी काढू नकोस.

अजून एक. अक्षरवाचनासाठी अनुलाचे मामा यायचे ठरलं आहे. ते मोठ्या शाळेचे मुख्याध्यापक होते, तिच्या माहेरच्यांचा आग्रह पडला. माझा नाइलाज झाला. तू ये मात्र नक्की. तुझ्या हातच्या कुरकुरीत तळलेल्या कोकिसशिवाय आमचा सण कसला?

लोभ आहेच, तो या पत्राने आटू नये.

तुझा धाकटा मल्ली,
विमल


कंबुरुपिटिय,
२५ एप्रिल २०११

चि. विमल यास अ. आ.

वि. वि. मी सुखरूप पोचले. कोकिस सगळ्यांना आवडले असं अनुलाची आई म्हणाली, एवढं माझं कौतुक पुरे. ऐन मुहूर्ताला मला किरिबताच्या, त्या दूधभाताच्या वड्या कापायला आत पाठवलं, तरी दारातून मला सगळं दिसत होतं.

तूही पाहिलंस, म्हणून लिहिते. मामांनी त्याला मांडीवर घेतलं, तोंड समईकडे. त्याच्या डोक्यामागून त्यांनी ‘अ’ म्हटलं. मोठ्याने म्हटलं, पुन्हा म्हटलं. सेनुक ज्योत बघत बसला. बायका म्हणाल्या, लाजतोय. मग मामांनी कंटाळून त्याला आपल्याकडे वळवलं आणि ‘अ’ म्हटलं. त्याने त्यांच्या ओठांकडे टक लावून पाहिलं आणि हुबेहूब तसाच जबडा उघडला. आवाज आला नाही, विमल. आवाजच आला नाही, आणि तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! मी एकटीने वाजवल्या नाहीत, म्हणून मी निघेपर्यंत अनुला माझ्याशी बोलली नाही.

तिने जन्मभर बोलू नये, चालेल. तूही अबोला धर. पण त्याला कोलंबोला ने. अनोळखी डॉक्टरकडे ने, माझं नावही काढू नकोस.

जुलैमध्ये पदवीदान आहे. दोन पाहुण्यांना परवानगी आहे. मला कोण आहे तुमच्याशिवाय?

राग असला तरी लोभ असावा.

अक्का


कुरुनेगल,
११ मे २०११

ती. अक्का यांस अनुलाचा नमस्कार.

हे पत्र मीच लिहिते आहे, कारण यांना तुमच्यापुढे तोंड उघडता येत नाही. तुम्हाला मूल नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या मुलात खोट दाखवली की आईच्या काळजाचं काय होतं, ते तुम्हाला पुस्तकातून कळायचं नाही. तुम्ही येऊन गेलात आणि पोराला ताप भरला. आईने नजर उतरवली, तेव्हा कुठे उतरला. मी कुणाचं नाव घेत नाही.

सेनुकला आम्ही इथल्या इंग्रजी नर्सरीत घातलं आहे. तिथली मिस म्हणते, वर्गात असं शहाणं मूल नाही, एका जागी बसतो, आवाज म्हणून करत नाही. तीही शिकलेलीच आहे.

जुलैमध्ये आम्हाला जमणार नाही. पुन्हा या विषयावर पत्र नको. तब्येतीस जपा.

अनुला


कुरुनेगल,
१९ ऑगस्ट २०१३

ती. अक्कास विमलचा सा. न.

दोन वर्षांनी लिहितो आहे, कोणत्या तोंडाने ते विचारू नकोस. चौथं वर्ष उलटलं, पाचवंही उलटलं. मोठ्या शाळेने प्रवेश देण्याआधी तपासणी करायला लावली. सेनुकला जन्मापासून फार थोडं ऐकू येतं. यंत्र बसवलं आहे. बोलणं येईल, पण किती ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. अडीच-तीन वर्षांचा असताना आणला असता तर गोष्ट निराळी होती, असंही म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं की इतक्या वर्षांत कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही. अनुला म्हणाली, आम्हाला कुणी सांगितलंच नाही. अक्का, मी शेजारी बसलो होतो. मी गप्प राहिलो.

त्याला रोज शिकवणारं माणूस हवं. अनुला दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असते. तू येशील का, हे विचारायला तिनेच सांगितलं, पण स्वतः लिहायला तिचा हात उठत नाही.

लोभ मागायची माझी लायकी नाही.

विमल


कंबुरुपिटिय,
२४ ऑगस्ट २०१३

चि. विमल यास आशीर्वाद.

मी येते आहे. शनिवारची बस मला काही नवी नाही.

पदवीदानाला तुम्हा दोघांच्या खुर्च्या मी शेवटपर्यंत धरून ठेवल्या होत्या. एक बाई विचारायला आल्या, तर तिथे माझी माणसं बसणार आहेत असं खोटंच सांगितलं. तिथे मला सर्वांदेखत हुशार म्हटलं गेलं, आणि त्याच वेळी माझा भाचा कुठल्याशा कोपऱ्यात शहाण्यासारखा गप्प बसलेला होता. त्या कागदाची मी अजून चौकट केलेली नाही. मी खरी ठरले याचा आनंद व्हावा इतकी वाईट मी नाही, आणि राग येऊ नये इतकी चांगलीही नाही. डॉक्टरांना तुम्ही जे सांगितलंत ते माझ्या घशात अडकलं आहे. ते तिथेच राहील. मी तो विषय काढणार नाही आणि तुम्ही माफी मागू नका, मला ती देता यायची नाही.

मी येईपर्यंत टीव्ही बंद ठेवा. त्याच्याशी कुणीही पाठीमागून बोलायचं नाही, समोर बसून बोलायचं. अनुलाला म्हणावं, आधी उठून आंघोळ कर. ‘अ’ त्याला तीच शिकवणार आहे, मी शेजारी बसेन. मला स्वयंपाकघरात पाठवू नका.

लोभाचं पुढे बघू. मी फाटकातून हाक मारणार नाही. त्याला दारात माझ्याकडे तोंड करून उभा कर, म्हणजे मी आलेली त्याला कळेल.

ललानी