काळ्या खडकाखालची चूल

पिंपरी, माघ महिना

तीर्थरूप आईस चिमाजीचा दंडवत.

मी खुशाल आहे. कारखान्याची विहीर खणतोय. सुरुंग उडतो तेव्हा लांबच असतो. डावा कान जरा गुणगुणतो, एवढंच. बापूंचा खोकला कसा आहे?

काल काळ्या खडकाखाली तांबडी माती लागली, आपल्या चुलीखाली असते तशी भाजलेली. कुणाचं घर गाडलं गेलंय असं वाटून मी पहार टाकून हात जोडले. खडकांना नावं देऊन त्यांचं वय काढणारे एक साहेब आलेत. ते हसले नाहीत. म्हणाले, "ही उघडी जमीन होती. वरून आगीचा लोंढा वाहिला, तोच थिजून हा खडक झाला. कोट्यवधी वर्षं झाली, तेव्हा माणूसच नव्हता."

मग मी वहाणा काढून त्या तांबड्या मातीवर उतरलो. आई, त्या जमिनीवर पहिलं पाऊल तुझ्या लेकाचं पडलं.

चिमाजी