मारलेली बिअर

॥ श्री ॥
करंजाडे गाव,
६ जानेवारी २०२५

चि. प्रीतम यास,
दादाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आणि सोबतचा व्यसनमुक्ती केंद्राचा कागद, दोन्ही शनिवारी मिळालं. केंद्रात मोबाईल देत नाहीत हे सुरुवातीला मला खटकलं होतं. आता वाटतं, बरंच झालं. आपण दोघं भाऊ आयुष्यभरात बोललो नसू तेवढं या पाच महिन्यांत लिहून झालं.

कागद मी तीनदा वाचला. तू ज्या घरी परतणार त्या घरात दारूचा थेंब नाही, अशी जबाबदार नातेवाइकाने लेखी हमी द्यायची. त्यावर तू माझं नाव घातलंस. मागच्या खेपेला तू बरा होऊन आलास आणि तांदळाच्या डब्यामागे राहून गेलेली एक बाटली तुला पहिल्याच आठवड्यात सापडली. ती आधी कुणी शोधली नाही, हे माझ्या मनातून जात नाही. या वेळी मी स्वतः खांदेश्वरला जाऊन तुमच्या फ्लॅटचा कोपरान् कोपरा बघणार, मगच सही करणार. रोज देवापुढे बसणारा माणूस मी. खोट्या कागदावर सही माझ्याने होणार नाही.

इकडे ठीक आहे. न्हावा शेव्याच्या यार्डात माझी गेटवरची नोकरी चालू आहे, दिवसभर कंटेनरचे नंबर उतरवायचे. संध्या तुमच्या घरी साबण करते हे तुला ठाऊकच आहे. सुनयनाबाईंच्या पार्लरमध्ये तो जातो आणि मागणी वाढते आहे. मला तिने चार वड्या दिल्या. कसला म्हणून विचारलं तर जवाचा म्हणाली. फेस लोण्यासारखा दाट येतो. पूजेआधीच्या आंघोळीला मी तोच वापरतो. एक वडी देवळाच्या नळावर ठेवली, येणाऱ्याजाणाऱ्याला हातपाय धुवायला. तुझी भागीरथी वहिनी म्हणते की पन्नाशी आली तेव्हा कुठे यांच्या अंगाला उजाळा मिळाला.

वेळेवर जेव, नाव घे. तुझी वाट बघणारी माणसं इथे आहेत, हे विसरू नकोस.

तुझा,
दादा

—

केंद्र, कर्जत,
११ जानेवारी २०२५

तीर्थरूप दादांस,
प्रीतमचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. ट्रेलर चालवणाऱ्याचं अक्षर तुम्हाला लागतं, याचंच मला नवल वाटतं.

दादा, घर बघाल तेव्हा फक्त कोपरे बघू नका. सिलिंडरच्या मागे, माळ्यावरच्या पिंपात आणि माझ्या जुन्या बुटांतही हात घाला. लपवणारा मीच होतो, म्हणून सांगतो.

इथे सकाळी आम्ही सगळे गोल करून बसतो. परवा साहेबांनी विचारलं की घरी गेल्यावर पहिली भीती कशाची वाटते. कुणी मित्रांची म्हणालं, कुणी पगाराच्या दिवसाची. मी वासाची म्हणालो. चव मी विसरलो असेन, वास विसरलेलो नाही.

९ फेब्रुवारीला रविवारी सोडायचं ठरतं आहे, तुमची सही आली की. जागृतीच्या दहावीच्या परीक्षेला मी घरी असेन असं तिला कबूल केलं आहे. संध्याचा साबण बघायची फार उत्सुकता आहे. जव म्हटलं की मला एकच वस्तू आठवते आणि ती काही साबण नव्हे. हसू नका, इथे असल्याच गोष्टींवर हसायला येतं.

वहिनींना नमस्कार. माझ्यावरचा राग संपला असेल तर उरलेली माया पाठवावी.

आपला,
प्रीतम

—

॥ श्री ॥
करंजाडे गाव,
१८ जानेवारी २०२५

चि. सौ. संध्या हिस,
आशीर्वाद. वि. वि.

करंजाडे ते खांदेश्वर एवढ्या अंतरासाठी कुणी पत्र लिहीत नाही. पण थोरल्या दिराने भावजयीला तोंडावर विचारावं अशी ही गोष्ट नाही. म्हणून भागीरथीच्या हाती पाकीट देतो आहे.

काल संध्याकाळी मी घर बघायला आलो होतो. जागृतीने दार अर्धं उघडलं आणि म्हणाली की काका, जरा थांबा, आई बिअर मारतेय. भाकऱ्या थापतेय म्हणावं, इतकं सहज म्हणाली. आतून वास आला. दाराशी पिशवीत रिकाम्या बाटल्या होत्या. मी चप्पल न काढता तसाच जिना उतरलो.

तू किती सोसलंस ते मी पाहिलं आहे. त्याला जिन्यातून उचलून आणताना तुझ्या दुसऱ्या बाजूला मीच असायचो. एखाद्या दिवशी तुझाही धीर सुटला असेल, तर मी तुला वाईट म्हणणार नाही. पण पोरीने आता कुणाकडे बघायचं? घरात बिअर आहे तोवर माझी सही नाही, आणि सहीशिवाय प्रीतम येऊ शकत नाही. आजपासून त्या घरात एकही बाटली दिसता कामा नये.

रागाने लिहिलेलं नाही, काळजीने लिहिलं आहे. तसंच वाच.

नामदेव

—

खांदेश्वर,
२० जानेवारी २०२५

ती. नामदेवदादांस,
संध्याचा नमस्कार. वि. वि.

अक्षर जागृतीचं आहे, सांगते मी आहे. माझ्या उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी आहे.

जागृती म्हणाली ते खरं. मी बिअर मारत होते. पण दादा, बिअर मारणं म्हणजे पिणं, ही ट्रेलरवाल्यांची भाषा झाली. मी मारते म्हणजे तिचा जीव घेते. उघड्या पातेल्यात मंद आचेवर अर्धा तास उकळायची, म्हणजे तिच्यातला गॅस जातो, नशा जाते. मग ती गार करायची, आणि त्या मेलेल्या पाण्यात कॉस्टिक सोडा थोडा थोडा घालायचा. मग ते खोबरेल आणि एरंडेलात पिठल्यासारखं होईपर्यंत घोटायचं, साच्यात ओतायचं, वड्या पाडून महिनाभर सुकवायच्या. दाट फेस येतो तो बिअरमुळे. जिवंत बिअरमध्ये सोडा पडला तर ती भसकन अंगावर येते, म्हणून आधी मारायची. पंधरा वर्षं ह्यांनी बाटल्या मारल्या, आता मी मारते, असं म्हणून आम्ही मायलेकी घरातल्या घरात हसायचो. बाहेरच्या कानाला तो शब्द कसा लागेल, याचा विचारच केला नाही.

तुम्हाला जवाचा साबण म्हणाले ती माझी चूक. बिअर जवाचीच असते, म्हणून खोटं बोलले नाही असं मनाला समजावलं. तुमच्या गळ्यातल्या माळेकडे बघून खरं सांगायची छाती झाली नाही.

वहिनींनी तुमची चिठ्ठी दिली तेव्हा पातेलं गॅसवर होतं. वाचली आणि गॅस बंद केला. एकही बाटली दिसता कामा नये, असं तुम्ही लिहिलं होतं. म्हणून एकाच घाण्यात सगळं संपवायला होत्या नव्हत्या तेवढ्या बाटल्या त्याच पातेल्यात ओतल्या, न उकळता, आणि सोडा घातला. सगळं उकळून हातावर आलं. डोळे वाचले. वहिनी शेजारणीशी बोलत अजून जिन्यातच होत्या, त्यांनी धावत येऊन नळाखाली हात धरला.

आता घरात काही नाही. सुनयनाताईंना साबण बंद केल्याचं कळवलं. तुम्ही बघून जा आणि सही करा.

आपली,
संध्या

ता. क. काका, हे माझं आहे, आईला वाचून दाखवणार नाही. तो शब्द मी बोलले आणि भाजलं आईला. ती रडत नाही, त्याचंच मला टेन्शन आहे. आत्ता डाव्या हाताने साचे पुसून माळ्यावर टाकायला काढतेय. जागृती.

—

॥ श्री ॥
करंजाडे गाव,
२३ जानेवारी २०२५

चि. प्रीतम यास,
आशीर्वाद. वि. वि.

सोबत दोन कागद आहेत. एक मी संध्याला लिहिलेली चिठ्ठी, दुसरं तिचं उत्तर. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? आता तुला माझ्याविषयी जे वाटत असेल तेच मलाही वाटतं. हे तुला कळवावं की नाही, याचा दोन दिवस विचार केला. पण तुझ्या घरात लपवलेल्या वस्तू काय करतात ते आपण पाहिलं आहे.

काल मी खांदेश्वरला गेलो. तिने दार उघडलं, पाणी दिलं, सगळी कपाटं डाव्या हाताने उघडून दाखवली. सिलिंडरच्या मागे, पिंपात, तुझ्या बुटांत, सगळीकडे पाहिलं. घरात थेंबही नाही. मी तिला म्हटलं की चुकलो. ती म्हणाली की दादा, तुम्ही चुकलात पण तुमचं काही गेलं नाही. एवढंच बोलली आणि आत गेली.

तिथून देवळात गेलो, नळावरची वडी उचलायला. झिजून नखाएवढी राहिली होती. देवजी गुरवांना खरं ते सांगितलं. ते म्हणाले की नामदेवा, महिनाभर सगळ्यांचे हात स्वच्छ होते, आता आणखी काय पाहिजे तुला? त्यांना हसू आलं, मला आलं नाही. बिअरने मी बाटलो असं मला वाटत नाही. वीस वर्षं रोज पोथी वाचतो, आणि एक शब्द कानावर पडला तेवढ्याने घरच्या बाईला दारुडी ठरवून मोकळा झालो. आत जाऊन पाहिलं असतं तर पातेलं दिसलं असतं.

आता सही करायला काही आड येत नाही. कागद पुढ्यात आहे. पण तुझं घर असं रिकामं करून त्याखाली नाव लिहायला हात उठत नाही. तू सांग.

या पत्राला उत्तर देण्याइतका तरी लोभ राहू दे.

नामदेव

—

केंद्र, कर्जत,
२८ जानेवारी २०२५

तीर्थरूप दादांस,
प्रीतमचा सा. न. वि. वि.

संध्याच्या हाताचं वाचून आधी तुमचा राग आला. जेवणाच्या घंटेपर्यंत तो टिकला. पुढे ताटावर बसल्यावर आठवलं, की तिच्या हातावर याआधीचे दोन डाग माझे आहेत. मग उठलो तसाच.

दादा, साबण बंद होऊ देऊ नका. माझ्या मदतीशिवाय, मी असूनही, तिने उभं केलेलं हे पहिलं काम. मी येणार म्हणून ते मोडलं, तर त्या घरात कोणत्या तोंडाने बसू?

पण खोटी मर्दुमकी दाखवणार नाही. साबणाच्या वडीची मला भीती नाही. मेलेल्या बिअरचीही नाही. आमच्या पिणाऱ्यांच्या कंपनीत गॅस गेलेली बाटली कुणी हातात धरत नसे. भीती आहे ती उकळण्याआधीची. झाकण उघडल्याचा फस्स आवाज येतो, मागोमाग वास येतो, आणि कधी तरी त्या बंद बाटल्यांशेजारी घरात मी एकटा असेन. तेवढं मला पेलणार नाही. साहेबांना हे सांगितलं. ते म्हणाले की खरं बोललास, हवं तर आणखी तीन महिने राहा.

मी राहतो. तुम्ही सही करू नका. संध्याला म्हणावं, माळ्यावरचे साचे खाली काढ. जागृतीला दिलेला शब्द मोडतो आहे, तेवढं तिला तुम्ही सांगा. माझ्याने तिला लिहवत नाही.

तुमच्यावर राग नाही. असता तर चार ओळींत संपवलं असतं.

आपला,
प्रीतम

—

॥ श्री ॥
करंजाडे गाव,
३ फेब्रुवारी २०२५

चि. प्रीतम यास,
आशीर्वाद. वि. वि.

तीन महिने राहू नकोस. रविवारी ये. जागृतीला मी काहीही सांगितलेलं नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी खांदेश्वरला जाऊन संध्याला म्हटलं की बिअर आता मी मारतो, माझ्या घरी. ती म्हणाली की दादा, देवाच्या घरात? मी म्हटलं, देवाचं घर आहे म्हणूनच. तिथे ती प्यायला कुणी टपलेलं नाही.

दुकानात मीच गेलो, गळ्यात माळ आणि हातात कापडी पिशवी घेऊन. काउंटरवरच्या माणसाने विचारलं की थंड देऊ का. मी म्हटलं, उकळायची आहे, थंड कशाला? त्याने माझ्याकडे जे पाहिलं ते मला पुष्कळ दिवस पुरेल. मागे रांगेत आपल्या आळीतले दोघं होते. त्यांनी रामराम केला, मीही केला. गावभर काय ते होईल.

मागच्या पडवीत शेगडी मांडली आहे. पूजा आटोपली की पातेलं चढवतो. फेस वर येतो, तो बसेपर्यंत ढवळत उभा राहतो. पहिल्या दिवशी भागीरथीने नाकाला पदर लावून विचारलं की जन्मभर माळ घातलीत ती काय म्हातारपणी भट्टी लावायला? दुसऱ्या दिवशी तीच गाळणी घेऊन आली. गार झालं की स्टीलच्या डब्यातून खांदेश्वरला पोचवतो. तिथे जातं ते निव्वळ कडवट तपकिरी पाणी. संध्याचा हात बरा होईपर्यंत घोटायला तुझी वहिनी जाते आणि संध्या खुर्चीत बसून तिला रागावते. काल मी दारात असताना संध्या पहिल्यांदा आपणहून माझ्याशी बोलली. म्हणाली की दादा, अजून पाच मिनिटं उकळायला हवी होती.

तुमच्या साहेबांशी फोनवर बोललो, काही झाकलं नाही. त्यांचं म्हणणं, पहिले दोन महिने साबण घोटायच्या वेळी तू बाहेर राहा. तेवढा वेळ तू जागृतीला क्लासला सोडत जा.

आता कागदाविषयी. त्यात दोन ओळी आहेत. पहिली तुझ्या घराची. तिच्यापुढे मी ‘नाही’ असं लिहिलं. दुसरी ओळ, कागद तीनदा वाचूनही, मी आधी नीट वाचलीच नव्हती. रुग्णाचं जाणंयेणं असलेल्या जवळच्या नातेवाइकांच्या घरी दारू असते का, असं त्यात विचारलं आहे. गेल्या महिन्यात सही केली असती तर तिच्यापुढेही न बघता ‘नाही’ लिहिलं असतं. आज लिहिलं, की आहे. माझ्या घरी, करंजाडे गाव, मागची पडवी. खाली नाव, सही, तारीख.

याचा अर्थ तुला कळला असेल. मी कळवेपर्यंत तू या घरी यायचं नाही. देव इथे आहेत, आईबाबांचे फोटो इथे आहेत, सणावाराला सगळे इथेच जमतात, तरीही नाही. गणपतीत आरतीच्या वेळी तू नसशील आणि लोक मला विचारतील. विचारू देत. धाकट्या भावाला उंबऱ्याबाहेर ठेवण्याचं पत्र आपल्या हाताने लिहावं लागेल, असं कधी वाटलं नव्हतं. लिहिताना दोनदा थांबलो.

देव माझ्याकडे राहतील. नैवेद्य दाखवून झाला की ताट झाकून मी खांदेश्वरला घेऊन येईन. आपण तिथे बसून जेवू.

तुझा,
दादा