पेरांवरचे पाच

८ जानेवारी
आज केंद्रावरून साहेब तपासणीला आले. माझ्या दुसरीच्या वर्गात झोयाला उभं केलं. "बोटांवर पाच दाखव." तिनं अंगठा अनामिकेच्या मधल्या पेरावर टेकवला आणि हात पुढं केला. बरोबर पाच. करंगळीची तीन पेरं, पुढच्या बोटाची दोन. साहेबांना उघडा पंजा हवा होता. "एकच बोट? दुसरीत आहे आणि पाच येत नाहीत?" मी सांगायला गेले तर म्हणे, "मॅडम, उत्तर तिला देऊ द्या."
दिलं होतं तिनं!
कच्च्यांत नाव. दुपारनंतर व्हरांड्यात, पहिलीच्या मुलांबरोबर बसायचं. शिवाय हुकूम: बोटांवर मोजणं बंद.
इथं पडेगावात निम्मी घरं पेरांवर मोजतात. झोयाची दादी नमाजनंतर तस्बीहचा जप पेरांवर मोजते, पोरगी तिथंच शिकली. माझी आईही अशीच मोजायची. चार बोटांत बारा मावतात. साहेबांच्या पंजात पाच. कच्चं कोण?

९ जानेवारी
स्टाफरूममध्ये खडाजंगी. मी म्हटलं, सात वर्षांच्या लेकराला आकडा आधी हाताला कळतो, मग डोक्याला. हात काढून घेतला की उरते पोपटपंची. तिसरीचे पवार सर म्हणाले, "बाई, हे चौदा एप्रिलच्या जयंतीचं स्टेज नाय. टाळ्या पडणार नायत इथं."
"हाताची घडी घालून बसलेले टाळ्या वाजवणार तरी कशा?"
मुख्याध्यापक, आमचे मु.अ., हसले. हसून झाल्यावर म्हणाले, आदेश तो आदेश.
बंदी म्हणजे काय, हे आमच्या घराण्याला कुणी शिकवायला नको. पाटीला शिवू नको, इतकंच आजोबांच्या काळी म्हणत. आता लेकराला म्हणतात, स्वतःच्या बोटाला शिवू नको.

१३ जानेवारी
दोन दिवस झोया आलीच नाही. आज आली, पण हात मांडीखाली दाबून बसली. विचारलं तरी मान वर नाही. तिची अम्मी सोडायला आली होती. फाटकातच धरलं मला.
"मॅडम, रोज सबेरे बोलती, पेट दुखरा. इत्ती ढब्बू है क्या मेरी बच्ची?"
"नक्को बोलो ऐसा."
"फिर छोटे बच्चों में कायको बिठाते उसको?"
उत्तर होतं माझ्याकडे. पण ते तिला नाही, मु.अ.च्या खोलीत द्यायला हवं होतं.

१६ जानेवारी
पवार सर वर्गाला तिळाचे लाडू वाटत होते. डबा मांडीवर, अंगठा पेरापेरावरून चाललेला. बारा झाले की दुसरा हात! मी दारातून, "किती झाले, सर?" हात गेला खिशात.
"लाडवांचं वेगळं असतं, बाई."
"का? त्यांची तपासणी होत नाही म्हणून?"
"घ्या लाडू आन् गप बसा."
लाडू घेतला. दुसरं जमलं नाही.

१७ जानेवारी
पालकसभा. बोलले. चांगलंच बोलले. जगात जिथं जिथं माणूस मोजायला शिकला तिथं तो आधी स्वतःच्या हाताकडं वळला, वगैरे. मागची माणसं उठून उभी राहिली. मग अवदसा आठवली. झोयाला पुढं बोलावलं. "सात आणि आठ, दाखव सगळ्यांना."
तिनं हात पाठीमागं नेले.
साहेबांनी निदान वर्गात विचारलं होतं. मी भरसभेत. टाळ्या मला, आणि ती पोर तिथं उभी. 

२० जानेवारी
मु.अ.ना सांगितलं, माझ्या वर्गातलं मूल व्हरांड्यात जाणार नाही. "लेखी द्या." दिलं. त्यांनी साहेबांना फोन लावला. गुरुवारी फेरतपासणी, झोया वर्गात की बाहेर, तेव्हा ठरणार.
आज भाषण नाही, प्रश्न नाही. फळ्यापुढं उभी राहून मीच पेरांवर मोजत राहिले. हळूहळू वैष्णवी, रेहान, मागचा बाक, सगळे लागले. झोया नुसती बघत होती. पण बघत होती.

२२ जानेवारी
साहेब आले. "नऊ आणि सहा किती? बोटं न वापरता."
झोयाचे हात पुन्हा पाठीमागं गेले. मला वाटलं, संपलं. मग मान वर करून, अगदी सरळ,
"सर, फिर कायपे गिनूं?"
उद्धटपणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. जन्मात पहिल्यांदा मी तोंड मिटून उभी. ते मु.अ.ना म्हणाले, "चहा सांगा," आणि उठले. ना हो, ना नाही. संध्याकाळपर्यंत काही कळवलं नाही.
म्हणजे उद्या तिनं बसायचं कुठं?
पहिल्या बाकावर बसवणार. तिला उठवायला जो येईल त्यानं आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं. नसेल देता येत, तर मग गाठ माझ्याशी.